‘शिकागो १९३०’ खेळताय? या चुका टाळा

‘डेस्परॅडोस’ (२००१) आणि ‘रॉबिन हूड’ (२००२) बनवणाऱ्या स्पेलबाउंड या जर्मन कंपनीचा हा २००३ सालचा कॉम्प्युटर गेम. दारूबंदीच्या काळातलं शिकागो, हाताशी पोलिसांची किंवा माफियाची टोळी. कागदावर झकास वाटतं, पण प्रत्यक्षात लपतछपत खेळायला जागा फार कमी मिळते आणि बरीच मिशन गोळीबारातच संपतात. ज्यांना ‘डेस्परॅडोस’ आवडला त्यांचा विरस होतो तो इथेच.

म्हणून पहिली चूक म्हणजे शेवटच्या पहारेकऱ्यापर्यंत गुपचूप जायचा हट्ट. दबकत जाणं इथे एवढ्याचसाठी कामाचं, की पहिली गोळी कुठून झाडायची ते आपण ठरवावं. जागा निवडताना शत्रूला एकाच दारातून किंवा बोळातून यावं लागेल अशी बघा. दोघांना त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना, थोडं मागे, भिंतीआड उभं करा. समोरासमोर नको, नाहीतर दोघांवर एकाच वेळी गोळ्या येतात. तिसरा माणूस पाठीमागची वाट राखेल. मग एकाच गोळीने आवाज करा आणि थांबा. आवाज ऐकून माणसं एकेक करून येतात, तेव्हा धावत पुढे जायचा मोह आवरा. पुढे गेलात की ज्यांनी अजून तुम्हाला पाहिलेलं नाही तेही जागे होतात, आणि मिशन हातचं जातं.

सगळी टोळी एकत्र निवडून एकाच ठिकाणी क्लिक करणं हीसुद्धा नेहमीची चूक. प्रत्येकाची वाट वेगळी पडते, एखादा पहारेकऱ्याच्या नजरेच्या पट्ट्यात (त्याला दिसतो तेवढ्या भागात) शिरतो आणि बाकीचे अर्ध्या रस्त्यात सापडतात. एकेकाला हलवा. नजरेचा पट्टा कुठे संपतो याचा अंदाज ‘कमांडोज’ या असल्याच लपतछपत खेळायच्या जुन्या गेमच्या सवयीने बांधू नका. आधी सेव्ह करा, एकाला कडेपर्यंत नेऊन बघा, पकडला गेला तर सेव्ह परत लोड करा.

सेव्ह मात्र दोन जागी आलटूनपालटून ठेवा. गोळीबार सुरू असताना एकाच जागी सेव्ह केलं आणि माणूस मरणारच असेल, तर पूर्ण मिशन पुन्हा खेळावं लागतं.

आता गेम सुरूच होत नसेल तर. जुन्या डिस्कवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्कसारखं संरक्षण असेल तर विंडोज १० आणि ११ वर ती चालत नाही, कारण त्यासाठी लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने काढून टाकला आहे. गेम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही होणार नाही. संरक्षण नसलेली अधिकृत डिजिटल आवृत्ती मिळते का ते बघा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ऐवजी सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून त्यात इन्स्टॉल करा, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायची परवानगी नसल्याने सेव्ह भलतीकडे जातात.

पडदा काळा राहतो किंवा रंग बिघडतात तेव्हा आधी गेमच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज एक्सपी निवडून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर तो मोड बंद करून डीजीव्हूडू २ (जुन्या गेमची चित्रं नव्या विंडोजवर नीट दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरा: त्याच्या ‘एमएस’ फोल्डरातल्या ‘एक्स८६’मधून डीड्रॉ आणि डी३डीइम या दोन डीएलएल फाइल्स गेमच्या मुख्य फाइलशेजारी ठेवायच्या. दोन्ही उपाय एकदम लावलेत, तर बिघाड नेमका कशामुळे होतोय ते कळत नाही.