गोठ्यावरचा पहिला दिवस: धार काढायला कसं शिकावं

गोठ्यावर एक दिवस शिकायला येणारे कृषिदूत-कृषिकन्या (कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी) असोत की शाळेची मुलं, बरेचजण सकाळी दहाला उगवतात. तेव्हा गायी रवंथ करत बसलेल्या असतात आणि दूध कधीच डेअरीला गेलेलं असतं. पहाटे पाचला हजर राहा. पायात गमबूट, नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या आणि फोन बंद.

आधी शेण उचलून जागा धुवायची. धारेआधी कोरडा कडबा टाकू नका, त्याची धूळ थेट दुधात बसते. गव्हाणीत आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवा.

आता धार. पहिल्या दिवशी फक्त दोन सड मागून घ्या, तेही शांत, तीन-चारदा व्यालेल्या गायीचे. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या कालवडीवर शिकणं म्हणजे लाथेला आमंत्रण.

कास कोमट पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने कोरडी करा. प्रत्येक गायीला वेगळं फडकं. इथे सर्रास चूक होते ती अशी: वेळ वाचवायला पाचही गायींच्या कासा आधी ओळीने धुऊन ठेवतात. कासेला हात लागला की गाय पान्हा सोडते. साधारण मिनिटाभरात दूध सडांत उतरतं आणि हा पान्हा पाच ते सात मिनिटंच टिकतो. पाचव्या गायीपाशी पोहोचेपर्यंत तिचा पान्हा ओसरलेला असतो, मग ‘गाय दूध चोरते’ म्हणून तिला बोल लावतात. एक गाय धुवा, तिचीच धार काढा. आरडाओरडा, कुत्रं, काठी यांनी गाय बिचकली तरी पान्हा आटतो. म्हशीला पान्हा सोडायला जास्त वेळ लागतो, तिथे घाई करू नका.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा गडद वाटीत घ्या. गुठळ्या, पाणचटपणा, रक्ताची छटा दिसली तर कासदाहाची (कासेला सूज येण्याच्या आजाराची) शंका धरा, ते दूध वेगळं ठेवा आणि मालकाला सांगा. या धारा जमिनीवर मारू नका, आजार गोठाभर पसरतो.

मुठीचं तंत्र शब्दांत सोपं वाटतं, हाताला मात्र लवकर उमगत नाही. अंगठा आणि तर्जनी यांनी सडाच्या मुळाशी, कासेला लागून, कडं करा आणि ते घट्ट आवळा. सडात आलेलं दूध आता वर परतू शकत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी या क्रमाने मूठ मिटत न्या. धार खाली सुटते. मूठ पूर्ण सैल सोडा, सड पुन्हा भरू द्या, पुन्हा कडं. नवशिका कडं सैल ठेवतो आणि खालून दाबतो. दूध उलटं कासेत जातं, थेंब-थेंब पडतो, मग तो वैतागून सड ओढू लागतो. ओढायचं नाही. सड खाली ताणला जातोय असं दिसलं की हात थांबवा.

अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबायची पद्धत कुणी कितीही प्रेमाने शिकवली तरी शिकू नका. सड आतून दुखावतो, पुढे कासदाह होतो. चिमटीने सुतणं (बोटं सडावरून खाली सरकवत दूध काढणं) फक्त शेवटच्या धारांना किंवा फारच आखूड सडांना. दुधात बोटं बुडवून हात ओले करणं हीही घाणेरडी सवय. कोरड्या हातानेच काढा.

हा सराव आदल्या दिवशी घरी होतो. रबरी हातमोज्यात पाणी भरून तोंड बांधा, बोटाच्या टोकाला टाचणीने भोक पाडा. कडं न करता दाबलं की पाणी वर पळतं, ते डोळ्यांना दिसतं. गायीवर शिकताना तेच दिसत नाही.

गायीला लागून बसा, लांब हात करून नको; लांबच्या माणसाला लाथ जोरात बसते. मिनिट-दीड मिनिटात तुमची मनगटं भरून येतील. तेव्हा लगेच उठा आणि सरावलेल्या माणसाला बसू द्या, कारण पान्हा तुमच्यासाठी थांबत नाही.

धार संपली की चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, म्हणून गाय लगेच खाली बसता कामा नये. वैरण आता टाका, ती खात उभी राहते.

वैरणीचा हिशोब थोडक्यात: मोठ्या संकरित गायीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा, ५ ते ६ किलो कोरडा, खुराक शरीरासाठी दीड किलो आणि वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, खनिज मिश्रण ५० ग्रॅम. पाणी चोवीस तास समोर. कुट्टी मशीनला (चारा बारीक कापणाऱ्या यंत्राला) पहिल्या दिवशी हात लावायचा नाही.

दूध गाळून लगेच डेअरीला. फॅट कमी लागलं तर शेवटच्या धारा नीट निघाल्या का ते आधी विचारा. पहिल्या धारांत फॅट सर्वांत कमी असतं, शेवटच्यांत सर्वांत जास्त. संध्याकाळी पाचला परत या. तीच गाय, तेच दोन सड.