रोज चित्र काढायला लावणारं ॲप बनवताना

असं ॲप बनवायला घेतलंत तर सगळ्यात आधी एक ठरवा: माणूस त्यात किती वेळ थांबला पाहिजे? माझ्या मते अर्धा मिनिट. विषय वाचायचा, फोन बाजूला ठेवायचा, कागदावर काढायचं, झालं की फोटो टाकायचा. रेष कागदावरच उमटली पाहिजे.

मी आठवडाभर ॲपचे स्क्रीन डिझाइन करते आणि रविवारी नागपुरात, महाल भागात, मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. मुलं कुठं अडतात ते दर रविवारी दिसतं. हात चालतो त्यांचा. अडतं ते ‘मॅडम, काय काढू?’ इथं. तेव्हा तुमच्या ॲपचा जीव विषयांच्या यादीत आहे. निम्मी मेहनत तिथं घाला.

‘निसर्गचित्र’ असा विषय दिलात की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी हेच येणार. विषयात दोन गोष्टी हव्यात: हाताशी असलेली वस्तू आणि एक अट. ‘सोललेला संत्रा, पण फक्त सालीची आतली बाजू.’ ‘तर्री-पोह्याची प्लेट, खाऊन झाल्यावरची.’ अटीमुळे माणूस बघायला लागतो आणि सुंदर काढायचं दडपण उतरतं. मोसमही धरा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ‘बाहेर जाऊन झाड काढा’ म्हणणारं ॲप कुणी उघडणार नाही. त्या दिवसांत कूलरची जाळी, माठ, पंख्याची सावली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदीचं फक्त डोकं. त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. रात्री घरी येऊन पिवळ्या मारबतीचा चेहरा आठवून काढायचा. थंडीत रविवारी खुशाल बाहेर पाठवा: झिरो माईलच्या स्मारकातल्या चार घोड्यांपैकी एकाची मान, फुटाळा तलावाचा काठ, अजब बंगल्यातली, म्हणजे संग्रहालयातली, एखादी मूर्ती.

विषयांचे प्रकार ठरवायला लांब जाऊ नका. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कुणालाही वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवून), संकल्पचित्र (नक्षी) हे शब्द पाठ असतात. हेच तीन आलटून पालटून द्या. डेटाबेसमध्ये प्रत्येक विषयापुढे प्रकार, महिना आणि घरात की बाहेर एवढं लिहिलेलं असलं तरी पुरतं. स्क्रीनवर एकच विषय दाखवा आणि ‘दुसरा द्या’ हे बटण दिवसातून एकदाच चालू द्या. दहा विषय समोर ठेवलेत तर निवडण्यातच वेळ जातो.

आता आठवण. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी परवानगी विचारावी लागते आणि माणसानं दोनदा नाही म्हटलं की ती चौकट पुन्हा येत नाही. म्हणून ॲप उघडल्या उघडल्या विचारू नका; पहिलं चित्र जमा झालं, माणूस खुशीत आहे, तेव्हा विचारा. वेळ त्यालाच ठरवू द्या: चहानंतर, ऑफिसातून आल्यावर, मुलं झोपल्यावर. आठवणीत ‘आज चित्र काढलं नाही’ असं कधीच लिहू नका. थेट आजचा विषय लिहा, म्हणजे ॲप न उघडताही पेन्सिल उचलता येते. आयफोन एका ॲपची जास्तीत जास्त ६४ नियोजित नोटिफिकेशन धरून ठेवतो. मी म्हणेन, १४ दिवसांचीच लावा आणि ॲप उघडलं की पुढची भरा. जो दोन आठवडे फिरकलाच नाही, त्याच्या आठवणी आपोआप थांबतात. थांबू द्या.

सलग दिवसांचा आकडा, जो एका खाड्यानं शून्यावर येतो, तो कृपा करून ठेवू नका. वर्गातली एक मुलगी आठवडाभर तापानं पडून होती. आली तेव्हा वही दप्तरातून काढेचना. आधीच तारखा घालून ठेवलेली पानं कोरी राहिली होती. मी खोडरबर घेऊन त्या तारखा पुसल्या, तेव्हा कुठं तिनं पेन्सिल हातात घेतली. ॲपमध्ये महिन्याचं पान दाखवा, काढलेली चित्रं त्यावर चिकटवा, राहिलेल्या दिवसांवर काहीही खूण नको.

फोटोसाठी फोनचा स्वतःचा फोटो पिकर (हवा तोच फोटो निवडू देणारी खिडकी) वापरा, सगळ्या गॅलरीची परवानगी मागावी लागत नाही. चित्रं फोनमध्येच राहू द्या. लाइक नको, खातं नको.

प्रगती मात्र दिसलीच पाहिजे. त्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला एकच वस्तू परत द्या. मी पितळी तांब्या देते. नवशिका तांब्याचं तोंड बदामासारखं, दोन्ही टोकांना टोकदार काढतो आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. काही महिने गेले की टोकं वळायला लागतात, बुडालाही बाक येतो. ही चित्रं ॲपनं शेजारी शेजारी मांडावीत. खाली एक अक्षरही लिहू नये.

हे सगळं कोड लिहिण्याआधी तपासता येतं. ओळखीतल्या आठ-दहा जणांना त्यांनी सांगितलेल्या वेळी व्हॉट्सॲपवर हातानंच रोज एक विषय पाठवा, दोन आठवडे. कुठल्या विषयावर फोटो आले आणि कुठल्यावर सगळे गप्प राहिले, ते वहीत टिपून ठेवा. गप्प राहिलेले विषय काढून टाका आणि मग लॅपटॉप उघडा.