नवं ब्रॉडबँड घेताय की प्लॅन वाढवताय? तालुक्याच्या गावात होणाऱ्या या चुका टाळा

पिनकोड टाकला, हिरवी खूण आली, पैसे भरले आणि चार दिवसांनी फोन आला, 'तुमच्या गल्लीत आपली लाइन नाही.' छोट्या गावात हे नेहमीचंच. एकच पिनकोड बाजारपेठेला असतो आणि पाच किलोमीटरवरच्या वाडीलाही. कंपनी त्या पिनकोडात कुठेतरी आहे, एवढंच वेबसाइट सांगते. तुमच्या घराजवळच्या खांबावर ती आहे का, हे लाइनमनला माहीत असतं.

पिनकोडावर विसंबू नका, खांबावरचा डबा शोधा

मुख्य फायबर केबल गल्लीतल्या स्प्लिटरच्या डब्यात येते आणि तिथून ८ किंवा १६ घरांना फाटे जातात. प्रश्न असतो त्या डब्यातल्या मोकळ्या पोर्टचा, म्हणजे केबल जोडायच्या जागेचा. डबा शंभर पावलांवर आहे, पण सगळे पोर्ट भरलेत, तर नवा स्प्लिटर बसेपर्यंत जोडणी होत नाही, आणि एका गिऱ्हाइकासाठी ऑपरेटर तो लवकर बसवत नाही. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून मागणी केली की काम पटकन हलतं.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न चारच: जवळचा डबा कुठे, पोर्ट मोकळा आहे का, डब्यापासून घरापर्यंत केबल किती मीटर लागेल, आणि ठरलेल्या लांबीपुढच्या केबलचे पैसे कोण देणार? शेवटचा प्रश्न राहिला की 'फ्री इन्स्टॉलेशन'चं बिल हजारात जातं.

बीएसएनएलचं फायबर बऱ्याच गावांत स्थानिक भागीदार ओढतो. म्हणून अर्ज ऑनलाइन केला तरी एक्सचेंजमध्ये जाऊन आपल्या भागाचा भागीदार कोण, हे विचारून घ्या. दुरुस्तीला तोच येणार असतो. आणि ग्रामपंचायतीत सरकारचं भारतनेट आलं म्हणजे घरात आलं, असं धरून चालू नका. ही योजना २०११ साली मंजूर झाली ती ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी. तिथून घरापर्यंतची केबल कुणीतरी वेगळी ओढावी लागते.

'फायबर आहे' म्हणजे कुठपर्यंत?

काही ठिकाणी फायबर चौकातल्या एखाद्या इमारतीपर्यंतच येतं. पुढे स्विच (एका लाइनचे अनेक फाटे करणारा, विजेवर चालणारा डबा) लावून छपरांवरून साधी लॅन केबल टाकतात. जाहिरातीत दोन्हीला फायबरच म्हणतात. लॅन केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही. ती तांब्याची असल्यामुळे वळवाच्या विजांत पोर्ट जळतात. शिवाय स्विच ज्या घरात लावलाय, त्यांनी गावाला जाताना मेन स्विच बंद केला की तुमचंही नेट जातं! ओळखायचं सोपं आहे. फायबरची घरात येणारी केबल बारीक, बहुतेक वेळा काळी आणि चपटी, आणि तिच्या टोकाला चौकोनी हिरवा किंवा निळा कनेक्टर. टेलिफोनच्या पिनेसारखी, पण तिच्याहून मोठी, आठ तारांची पारदर्शक पिन दिसली तर ती लॅन.

सिग्नलचा आकडा लिहून न घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. जोडणी झाली, मोबाइलवर स्पीड दाखवला, सही घेतली, माणूस गेला. पण फायबरची तब्येत स्पीडवर कळत नाही, ती डीबीएमच्या, म्हणजे केबलमधून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीच्या, आकड्यावर कळते. सिग्नल कडेलोटावर असला तरी पहिल्या दिवशी स्पीड पूर्ण येतो आणि पहिल्या पावसात मॉडेमचा दिवा तांबडा होतो.

हिशेब असा. ऑपरेटरच्या मशीनमधून साधारण +३ डीबीएम प्रकाश निघतो. वाटेतले सगळे स्प्लिटर मिळून ३२ घरांत वाटताना सुमारे १७ डीबी जातात, ५ किलोमीटर केबलमध्ये दीड-दोन, जोड आणि कनेक्टर मिळून आणखी दोन. म्हणजे घरात −१८ च्या आसपास आकडा यायला हवा. −१५ ते −२३ असेल तर निश्चिंत राहा. −२५ च्या खाली गेला तर काम सुधारून मागा. नेहमीच्या जीपॉन (फायबर वाटण्याची एक पद्धत) मॉडेमची मर्यादा −२७ च्या आसपास असते, त्याखाली लाइन सारखी तुटते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे −२४ आणि −२७ मधला फरक कागदावर दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आकडा मिळतो लाइनमनच्या पॉवर मीटरवर, आणि मीटर १४९० नॅनोमीटरवर लावलेला हवा. बऱ्याच मॉडेममध्ये ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडल्यावर 'आरएक्स पॉवर' म्हणूनही तो दिसतो. त्याचा फोटो तारखेसकट ठेवा. सहा महिन्यांनी −१९ चा −२६ झाला असेल, तर 'राउटर बदला' असं सांगणाऱ्याला तो फोटो दाखवता येतो.

आकडा बिघडण्याची कारणं बहुधा घरातच किंवा दारातच सापडतात. कपाटामागे केबल काटकोनात दुमडलेली असते. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नये, आणि उरलेली केबल छोट्या ताटलीएवढ्या वेटोळ्यात ठेवावी. खिडकीच्या फटीत दाबलेली केबल हे दुसरं कारण. तिसरं म्हणजे हिरव्या सॉकेटात निळा कनेक्टर: हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं, निळ्याचं सरळ. मध्ये फट राहते आणि कित्येक डीबी तिथेच सांडतात. टोकाला बोट लागलं तरी सिग्नल पडतो, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच पुसावं, सदऱ्याच्या टोकाने नाही.

बाहेरची कारणं तुमच्या हातात नाहीत: जोडाच्या डब्यात शिरलेलं पाणी, जेसीबीने तोडलेली केबल, कोकणात केबलला लोंबकळणारी माकडं. पण डब्याचं झाकण लागलंय का आणि केबल वीजतारांपासून लांब बांधलीय का, हे बसवतानाच बघता येतं.

प्लॅन वाढवला, स्पीड तेवढाच

आधी एकक बघा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दिसतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटने उतरली तर लाइन पूर्ण चालतेय.

तरीही स्पीड कमी वाटला तर मॉडेम दोन मिनिटं बंद करून सुरू करा. नवा प्लॅन बऱ्याच ऑपरेटरांकडे पुढच्या लॉगिनलाच लागू होतो. मग लॅपटॉप लॅन केबलने जोडून मोजा. आकडा ९४ च्या आसपास अडकला तर दोष प्लॅनचा नाही: एक तर मॉडेमचा पोर्ट जुना १०० एमबीपीएसचा आहे, नाहीतर केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलीय. गिगाबिटला आठही तारा लागतात, चार तारांवर जोडणी गुपचूप १०० वर येते.

लॅनवर बरोबर आणि वाय-फायवर चाळीस-पन्नास, हा तर रोजचा प्रकार. फुकट मिळालेला मॉडेम अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असतो. त्यावर ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे अर्ध्या इंची नळाला मोठी टाकी जोडणं. ड्युअल बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीचा, मॉडेम मागा किंवा वेगळा राउटर लावा. मात्र ५ गिगाहर्ट्झ जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीपलीकडे लवकर थकतो. जुन्या वाड्यात माजघरापर्यंत एक लॅन केबल ओढून दुसरा राउटर ठेवणं, हे महागड्या एका राउटरपेक्षा बरं.

मॉडेम स्वतः विकत घेणार असाल तर ऑपरेटरची लाइन जीपॉन आहे की ईपॉन, हे आधी विचारा. एकाचा मॉडेम दुसऱ्यावर चालत नाही, एक्सपॉन लिहिलेला सहसा दोन्हीवर चालतो. त्याचा सिरियल किंवा मॅक नंबर ऑपरेटरकडे नोंदवल्याशिवाय नेट सुरू होत नाही, हे विसरून लोक दुकानदाराशी भांडतात.

सकाळी सातला मोजून खूश होणं

गर्दी रात्री आठ ते अकरा. तेव्हाच मोजा, तीन दिवस. स्पीड टेस्ट आपोआप जवळचा, कधी ऑपरेटरच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडते आणि सगळं छान दाखवते. हाताने मुंबई किंवा पुण्यातला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडा. सकाळी ९५ आणि रात्री १५ येत असेल, तर गावाबाहेर जाणारी ऑपरेटरची लाइनच अपुरी आहे. तिथे प्लॅन वाढवून पैसे वाया जातात, ऑपरेटर बदलणं हाच उपाय. शेजारी ज्याच्याकडे दुसरं कनेक्शन आहे, त्याच्याकडे रात्री नऊला एक टेस्ट करून बघा.

फायबर येतच नसेल तर २०२३ पासून मिळणारं ५जी एअरफायबर हा पर्याय आहे. छतावरचं यंत्र टॉवरकडे तोंड करून बसवावं लागतं. मधे नारळीचे शेंडे किंवा नवा मजला आला की स्पीड पडतो. डेटाची मर्यादाही फायबरपेक्षा कमी असू शकते, ती आधी वाचा.

छोट्या, पण डोकेदुखीच्या गोष्टी

प्लॅनच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ चे ५८८ रुपये ८२ पैसे होतात. बाहेरगावाहून मोबाइलवर शेतातला किंवा दुकानातला सीसीटीव्ही डीव्हीआर उघडायचा असेल, तर मॉडेमचा वॅन आयपी (ऑपरेटरने मॉडेमला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो पत्ता ऑपरेटरच्या जाळ्यातलाच असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी डीव्हीआरकडे वळवणारी मॉडेमची सेटिंग) कितीही केलं तरी चालणार नाही. स्थिर आयपी मागा किंवा डीव्हीआरचं क्लाउड ॲप वापरा.

लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण ॲडॉप्टरवरचा ॲम्पिअरचा आकडा वाचून. दीड ॲम्पिअरच्या मॉडेमला एक ॲम्पिअरचा यूपीएस लावला की मॉडेम सारखा रीस्टार्ट होतो. गल्लीतला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, ऑपरेटरचं मशीन मात्र नाही. त्यांच्याकडे किती तासांचा बॅकअप आहे, हेही विचारा.

आणि तक्रार लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर करून थांबू नका. कस्टमर केअरला नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे सर्वात आधी तो नंबरच मागतात.