पल्स पोलिओच्या बूथवर या चुका टाळा

दर मोहिमेला नवे स्वयंसेवक येतात आणि पहिल्या तासातच एक चूक करतात: आधी करंगळी रंगवायची, डोस मागून. म्हणे रांग भराभर सरकते. लोकमान्यनगरच्या बूथवर एकाने असंच केलं. रांगेतल्या पोरांच्या डाव्या करंगळ्या त्याने आधीच रंगवून टाकल्या. त्यातला एक पोरगा आजीचा हात सोडून पळाला, आजी त्याच्यामागे गेली आणि दोघंही परत आली नाहीत. करंगळी रंगलेली, म्हणजे घरभेटीची टीमसुद्धा डोस झाला असंच धरणार! आशाताईंनी आजीला ओळखलं होतं म्हणून बरं. चाळी पालथ्या घातल्यावर संध्याकाळी पोरगा काकीकडे सापडला, तिथेच दोन थेंब पाजले. तेव्हापासून मार्कर माझ्याच खिशात असतो. थेंब गिळलेले डोळ्यांनी दिसल्याशिवाय टोपण उघडत नाही.

एका पोराने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. हा विषाणू दूषित पाण्यातून, हातांतून तोंडात जातो, घशात आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही, पण शौचावाटे विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. साधारण 200 संसर्गांमागे एकात तो मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. लुळा पडलेला पाय मग कुठल्याही औषधाने पूर्वीसारखा होत नाही.

दुसरी चूक आईवडिलांची. घोडबंदर रोडच्या टॉवरांत हमखास ऐकू येतं, "आमचं इंजेक्शन झालंय, थेंब नकोत." इंजेक्शन हवंच. त्यातला विषाणू मेलेला असतो, रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि मुलाच्या मज्जातंतूंना संरक्षण मिळतं. पण आतड्यात विषाणू वाढणं त्याने फारसं थांबत नाही. तोंडाच्या लसीतला जिवंत पण दुबळा केलेला विषाणू आतड्यातच प्रतिकारशक्ती उभी करतो, त्यामुळे पुढे पसरणं अडतं. म्हणून पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोहिमेतले थेंब द्यायचे, आधीचे डोस कितीही झालेले असोत. उलट बाजूने, बूथवर थेंब पाजले म्हणून सहा आणि चौदा आठवड्यांचं, नऊ महिन्यांचं इंजेक्शन चुकवणंही तितकंच वाईट. मी वाद घालत नाही, सरळ लसीकरण कार्ड मागते आणि रिकामा रकाना बोटाने दाखवते.

"पोलिओ तर गेला ना?" भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला. पाकिस्तान-अफगाणिस्तानात मात्र तो अजून फिरतोय, आणि त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. थेंब थुंकले तर पुन्हा द्या. ड्रॉपर जिभेला लावू नका. सर्दी-खोकला हे थेंब टाळायचं कारण नाही, आणि डोसनंतर अंगावर पाजलं तरी चालतं. बाटलीवर लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी गोल खूण असते; तिच्यातला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद, मग बाहेर कितीही मोठी रांग असो. मी प्रत्येक नवी बाटली उघडण्याआधी तो चौकोन उजेडात धरून बघते, आणि शेजारच्यालाही बघायला लावते.