उन्हाळ्यातील मंडळीचे कार्यक्रम आणि स्वातंत्र्याचे चिंतन: किनाऱ्यावरील लहान मेथडिस्ट मंडळीने आखणी कशी करावी

कोकण किनाऱ्यावरील लहान मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाला, उन्हाळ्यात हाताशी धड सहा आठवडेही नसतात. परीक्षा एप्रिलमध्ये उरकतात, मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात, त्याच दिवसांत आंब्याची काढणी आणि पेट्या भरणे चालू असते, लग्नांची धांदल असते, आणि मेअखेरीस प्रत्येक घर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, तयारीला लागते. एवढ्या गर्दीत सुट्टीतील बायबल शाळा, कौटुंबिक मेळावा, पेंटेकॉस्टची (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाची) उपासना आणि स्वातंत्र्यासारख्या विषयावरील चिंतनाच्या काही संध्याकाळी बसवावयाच्या असतील, तर पाळक आणि मंडळीची कमिटी यांनी मार्चमध्येच एकत्र बसले पाहिजे. तीस-चाळीस घरांच्या मंडळीचा चिटणीस म्हणून काही वर्षे हे काम केल्यावर जे उपयोगी ठरले, ते येथे लिहीत आहे.

आरंभ मात्र फसलेल्या वर्षापासून करतो. त्या वर्षी आम्ही स्वातंत्र्य या विषयावर सलग चार संध्याकाळी ठेवल्या होत्या, बाहेरगावचा वक्ता बोलावला होता, आणि रोज साठ-सत्तर माणसांचे जेवण ठेवले होते. शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन चालू असताना स्वयंपाकघराच्या दारातून एक काकू शांतपणे म्हणाल्या, “चार दिवस तुम्ही मोकळीक म्हणजे काय ते सांगत होतात, आणि चारही दिवस मी चुलीपुढे होते, काय सांगितलेत ते मला कोणीतरी सांगा.” सभेत हशा पिकला, पण पाळकसाहेब हसले नाहीत, आणि तेव्हापासून आमच्याकडे वक्ता ठरण्याआधी स्वयंपाकाची पाळी ठरते. ज्या संध्याकाळी चिंतन आहे त्या संध्याकाळी जेवण ठेवू नये. सरबत आणि भिजवलेले पोहे किंवा उकडलेले शेंगदाणे पुरेसे होतात. जेवण हवेच असेल तर ते मेळाव्याच्या एकाच दिवशी असावे, पुरुषांनी आणि तरुण संघाने रांधावे, आणि भांडी कोण घासणार हे नावांसह फळ्यावर लिहून ठेवावे.

तारखा ठरवताना प्रथम ईस्टर पाहावा. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान केव्हाही येत असल्याने त्यानंतर एकोणपन्नास दिवसांनी येणारा पेंटेकॉस्टचा रविवार १० मे ते १३ जून यांदरम्यान कोठेही पडू शकतो, आणि तो जूनमध्ये गेला तर पावसाचा हिशेब धरावाच लागतो. स्वर्गारोहणाचा दिवस गुरुवारीच येतो. बागेत कामाला जाणाऱ्यांसाठी ती उपासना रात्री आठला ठेवावी. न हलणाऱ्या तारखांपैकी २४ मे ही मेथडिस्टांची स्वतःची तारीख आहे. १७३८ साली त्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेत मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री लाभली आणि अंतःकरणात अनोखी ऊब जाणवली. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत नियम, उपवास आणि धास्ती यांनी बांधलेला हा विद्वान पाद्री त्या दिवसानंतर मोकळेपणाने बोलू लागला, आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्टलजवळ उघड्या माळावर मजुरांपुढे उपदेश करू लागला. स्वातंत्र्यावरील चिंतनमालेचा समारोप २४ मेच्या आसपास करावा, असे मी सुचवतो ते यासाठी.

चार संध्याकाळी पुरतात, आणि त्या सलग न ठेवता आठवड्यातून एक अशा ठेवल्या तर घरी बोलणे होते. वेळ साडेसहाची असावी. त्या सुमारास वारा सुटलेला असतो आणि चर्चच्या आत बसण्यापेक्षा खळ्यात सतरंजी टाकून बसणे सुखाचे होते. पहिल्या संध्याकाळसाठी बायबलमधील गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील तक्रार घ्यावी. दास्यातून सुटलेले लोक रानात मिसरातल्या मासळीची, काकड्यांची, कांद्याची आणि लसणीची आठवण काढून रडतात. सुक्या मासळीची आणि कांद्याची ओढ काय असते हे किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे सुटका झाल्यावरही जुनी बेडी माणसाला गोड का वाटते, हा प्रश्न येथे आपोआप निघतो. व्यसन, नवऱ्याची मारहाण, पेढीवाल्याची आगाऊ रक्कम असे विषय निघाले तर संचालकाने घाईने वचनाकडे वळू नये.

दुसऱ्या संध्याकाळवर अधिक तयारी खर्च करावी, कारण ती कोकणाच्या अगदी जवळची आहे. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष योबेल म्हणून पाळण्याची आज्ञा आहे: कर्णा वाजवावा, देशभर सुटकेची घोषणा करावी, ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी, कारण जमीन परमेश्वराची आहे. हे वाचून झाल्यावर खोतीचा इतिहास सांगावा. सरकारसाठी सारा वसूल करणारा खोत आणि त्याला पिकातला मोठा वाटा देऊन वर वेठीचे कामही करणारे कूळ, ही व्यवस्था येथील वृद्धांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला, आणि जमिनी न कसता, लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून तो जवळजवळ सहा वर्षे चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला तो १९४९ साली. ही हकिकत वक्त्याने सांगण्यापेक्षा मंडळीतील एखाद्या कुळाच्या घरातल्या माणसाने सांगावी, आणि खोताच्या घराशी संबंध असलेले कोणी बसले असेल तर त्यालाही बोलू द्यावे. आमच्याकडे तसे एकदा घडले, आणि ती संध्याकाळ दहा वाजेपर्यंत लांबली.

तिसऱ्या संध्याकाळी फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचावे. त्याला तीन-चार मिनिटे लागतात. पळून गेलेल्या दासाला प्रेषित पौल त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवतो, पण आता दास म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, असे लिहितो. यानंतर वेस्ली यांचे चरित्र घ्यावे. त्यांनी अमेरिकेत दास्य डोळ्यांनी पाहिले होते. १७७४ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि २ मार्च १७९१ रोजी मृत्यू येण्याच्या सहा दिवस आधी गुलामगिरीविरुद्ध झगडणारे ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना ही लढाई सोडू नका असे पत्र लिहिले. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला आणि आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३३ मध्ये केला. मात्र एवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या याच वेस्ली यांनी १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या मागणीला विरोध केला होता, आणि अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळी १८४४ साली दुभंगली ती एका बिशपांच्या घरी गुलाम होते म्हणूनच. आपल्या परंपरेतील हे डाग तरुणांना आपणच सांगितले, तर पुढचे बोलणे ते विश्वासाने ऐकतात.

चौथी संध्याकाळ गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची. पहिले वचन ख्रिस्ताने दिलेल्या मोकळीकेत टिकून राहा असे सांगते, आणि तेरावे वचन त्याच मोकळीकेचा उपयोग प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी करा असे सांगते. या दोन वचनांच्या मध्ये महाड ठेवावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची वाट आपल्याच जिल्ह्यांतून गेली होती, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना पाण्याची किंमत ठाऊकच असते. येथे संचालकाने मंडळीलाच प्रश्न विचारावा: प्रभुभोजनाला एका वाटीतून घेणारे आपण सोयरीक जुळवताना मूळ जात कोणती असे अजून का विचारतो? पहिल्यांदा कोणीही उत्तर देत नाही. दोन मिनिटे गप्प बसावे, गाणे सुरू करून ती शांतता बुजवू नये.

चर्चेची पद्धत आपल्या परंपरेतच आहे. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. दर माणशी आठवड्याला एक पेनी जमवावी असे ठरले, तेव्हा एकाने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमले नाही तर मी भरतो. वसुलीसाठी घरोघर जाणारे हे लोक पुढे एकमेकांच्या जिवाची विचारपूस करू लागले आणि त्यातून वर्गसभा उभी राहिली. आपणही बारा-बारा जणांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक पुढारी द्यावा, आणि गटात बोललेले गटाबाहेर जाणार नाही असे आधीच ठरवून घ्यावे. चाकरमानी आणि गावकरी एकाच गटात मिसळावेत, नाहीतर मुंबईकर बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात. गटात कोणाची सावकारी थकबाकी कळली आणि मंडळीने थोडा निधी जमवून ती हलकी केली, तर योबेलचा पाठ खरा समजला असे म्हणता येईल.

सुट्टीतील बायबल शाळा पाच दिवसांची, सकाळी साडेसात ते दहा या वेळेत घ्यावी. दहानंतर पत्र्याखाली मुले बसू शकत नाहीत. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांतील मुलेही खेळाच्या ओढीने येतात. त्यांच्या पालकांना आधी भेटून येथे बायबलमधील गोष्टी सांगितल्या जातात हे स्पष्ट सांगावे, लेखी संमती घ्यावी, आणि कोणत्याही मुलाकडून प्रार्थना किंवा कबुली वदवून घेऊ नये. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सद्‌सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपल्याला दिले आहे तसे त्या घरांनाही दिले आहे. मेथडिस्ट शिकवणही याच्याशी जुळते: देवाची कृपा माणसाच्या आधी धावते, पण त्याला ओढून नेत नाही, ती नाकारण्याची मोकळीक माणसाला असते. प्रत्येक वर्गात दोन प्रौढ असावेत, एकट्या शिक्षकाकडे मुले सोपवू नयेत. समुद्रावर नेणार असाल तर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ओहोटीच्या वेळी न्यावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागला की ही सहल रद्द केलेली बरी.

सरबताचे प्रमाण विचारले जाते म्हणून लिहितो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून, बिया काढून, वाट्यांत साखर भरून बरणी आठवडाभर उन्हात ठेवल्यावर जो पाक सुटतो, त्याच्या एका भागाला चार भाग पाणी लागते. पन्नास माणसांना दोनशे मिलिलिटरचा पेला धरल्यास दोन लिटर पाक आणि आठ लिटर उकळून गार केलेले पाणी पुरते; जिरेपूड आणि मीठ चवीने घालावे. टंचाईच्या दिवसांत हे पाणी प्रत्येक घराने एकेक बाटली आणून जमवावे.

एक संध्याकाळ कीर्तनासाठी राखावी आणि ती ९ मे रोजी असावी, कारण कवी नारायण वामन टिळक यांचे १९१९ साली त्या दिवशी निधन झाले. ते मेथडिस्ट नव्हते, पण रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या या माणसाने ख्रिस्ती भजन आणि कीर्तन मराठी मातीत रुजवले, आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पेटी, मृदंग आणि टाळ एवढ्यावर कीर्तन रंगते. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्यावी आणि रात्री दहाला तो बंद करावा.

नौकांवरील खलाशी कुटुंबांना मे महिन्यातले यातील काहीच मिळत नाही. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात चिंतनाची एक संध्याकाळ त्यांच्या वाडीतच पुन्हा घ्यावी. आमच्याकडे खलाशांनी पहिल्या विषयाची, कांदा-मासळीच्या आठवणीची, निवड केली. आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कामगारांना भेटायचे असेल तर त्याआधी, काढणी संपून ते गावी परतण्यापूर्वी जावे, आणि जाताना पत्रके न नेता सरबत न्यावे.

जूनच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर जमाखर्च वाचून दाखवावा, उसनी आणलेली पातेली आणि सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवाव्यात, आणि कौले शाकारायला लागणारी माणसे त्याच सभेत ठरवून घ्यावीत, कारण पुढच्या रविवारी बहुधा पाऊस असतो.