डोळ्यांत पाणी आलं, पण दुकान कुणाचं?

जाहिरात बघून गळा दाटून आला, पण ती कशाची होती हे सांगता येत नाही. असं होतं तेव्हा बघणारा विसराळू नसतो, चूक लिहिणाऱ्याची असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जाहिरातीच्या कामाला लागणाऱ्या मुलामुलींकडून सुरुवातीला हीच चूक सगळ्यात जास्त होते. आई, बाप, गाव, सण असं सगळं आणलं जातं आणि शेवटी त्यावर दुकानाचं नाव चिकटवलं जातं. भावना लक्षात राहते, नाव गळून पडतं.

धारा तेलाची नव्वदीच्या दशकातली जाहिरात आठवा. रुसून घर सोडलेला चिमुरडा रेल्वे स्टेशनवर बसलाय. ओळखीचे काका सांगतात, घरी आईनं जिलेबी केलीय. पोरगं विरघळतं आणि घरी परततं. जिलेबी तेलात तळतात, म्हणजे तेल काढून घेतलं तर पोरगं परत येण्याचं कारणच उरत नाही. आपल्या संहितेला हीच कसोटी लावायची: वस्तू काढून टाका आणि गोष्ट पुन्हा वाचा. गोष्ट तशीच उभी राहिली तर ती जाहिरात नाही, नुसती गोष्ट आहे. आम्ही तर म्हणू, पहिले सहा महिने हे एवढंच तपासायची सवय लावा.

भावनेनं आठवण पक्की का होते, याचं कारण मेंदूत आहे. मन हललं की मेंदूतला अमिग्डला हा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला तो क्षण नीट साठवायला लावतो. पण साठतो तो मुख्यतः त्या क्षणाचा गाभा. कडेच्या गोष्टी पुसट होतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्या कामातून आणखी एक गोष्ट कळते: अनुभव संपल्यावर माणूस त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून तो जोखतो. म्हणून वस्तू त्या तीव्र क्षणातच हवी आणि नाव त्याला लागून. तीव्र क्षण संपला, मग दहा सेकंद देखावे, आणि मग नाव, असं केलं की नाव कडेला पडलंच म्हणून समजा.

अशी वस्तू आणि असा क्षण कुठून आणायचा? दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून. क्लायंटला विचारलं तर तो ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, पन्नास वर्षांची परंपरा’ सांगेल. ते ऐकून घ्या, पण त्यावर लिहू नका. बाजाराच्या दिवशी दोन तास बाजूला बसा आणि तीन गोष्टी टिपा: गिऱ्हाईक कुणाला सोबत आणतं, वस्तू हातात घेऊन पहिलं वाक्य काय बोलतं, आणि पैसे देण्याआधी कशाला अडतं. वाक्य जसं बोललं तसंच लिहा, शुद्ध करू नका. दोन तासांत दोन कामाची वाक्यं मिळाली तरी भरपूर.

आता एक नमुना जवळून बघू. समजा, हार्डवेअरच्या दुकानाला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, तीस सेकंदांची जाहिरात हवी आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधले जातात. इथे दुकानाची वस्तू आपोआप सापडते: दोर.

पहिली सात सेकंदं: अंगणातलं निंबाचं झाड. म्हातारा बाप फांदीवरचा मागच्या वर्षीचा दोर ओढून बघतो, तर पेड सुटलेले, काथ्या तळहाताला लागतो. पुढची दहा: दुकान. बाप दोर मागतो. दुकानदार विचारतो, ‘विहिरीसाठी?’ बाप म्हणतो, ‘नही. मनी आंडेर यी राहिनी.’ (अहिराणीत: नाही, माझी लेक येतेय.) दुकानदार काही न बोलता हातातलं बारीक दोराचं भेंडोळं खाली ठेवतो आणि वरचं जाड काढतो. पुढची आठ: झोका, लेकीचे पाय आभाळात. बाप बुंध्याला टेकलेला, पण त्याची नजर लेकीवर नाही, वरच्या गाठीवर आहे. शेवटची पाच: तीच गाठ जवळून, त्यावर दुकानाचं नाव, गाव, चौक.

सगळी जाहिरात त्या नजरेत आहे. बाप लेकीकडे बघून हसला असता तर ते दृश्य शंभर जाहिरातींत दिसतं तसंच झालं असतं. गाठीकडे बघणाऱ्या बापाची काळजी दिसते, आणि ज्याकडे तो बघतोय ती वस्तू दुकानात मिळते.

हे बिघडतं कसं तेही सांगून ठेवतो. क्लायंट म्हणतो, ‘पंप, पाइप, रंग, कुलपं पण दाखवा ना.’ त्याला सांगा, ती यादी पत्रकावर आणि पेपरातल्या जाहिरातीत घेऊ. इथे दुसरी वस्तू आली की दोर हरवला. मग एडिटवर बसलेला कुणी व्हायोलिन घालतो, कुणी निवेदन जोडतो की ‘बापाचं प्रेम कधी तुटत नाही’. दोन्ही काढा. दिसलेलं पुन्हा सांगितलं की बघणाऱ्याला स्वतः काही जाणवून घ्यायला उरत नाही. झोक्याची करकर आणि पाखरांचा आवाज पुरे. आणि जाहिरात आखाजीच्या दहा-बारा दिवस आधी लागली पाहिजे, कारण दोर सणाच्या आधी घेतात.

भाषेबद्दल फार सावध राहा. खान्देश म्हटलं की सगळीकडे अहिराणी चालेल असं बाहेरच्यांना वाटतं. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात वरचं वाक्य घरचं वाटेल. रावेर, यावल, फैजपूरकडे लेवा गणबोली चालते. तिथे तेच वाक्य पाहुण्याचं वाटेल. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी. म्हणून बोलीतलं वाक्य एकच ठेवा, ते त्या गावच्या माणसाकडूनच म्हणून घ्या, आणि बाकी साधी मराठी. बोली फक्त हसवण्यासाठी, विनोदी नोकराच्या तोंडी घालू नका. लोकांना ते लागतं, आणि लागायलाच हवं.

भीती हीही भावना आहे, आणि बियाणं, औषधं, विमा यांच्या जाहिरातीत ती सर्रास वापरतात. नियम असा की भीती दाखवली तर पुढच्याच वाक्यात माणसाला स्वतः करता येईल असा उपाय हवा. नाही तर तो नजर फिरवतो. केळीच्या बागा वादळात आडव्या होताना दाखवून ‘आता काय?’ म्हणून थांबू नका. ‘विम्याची मुदत अमुक तारखेपर्यंत, कागद हे तीन’ असं सांगा. शेतकऱ्याच्या आत्महत्येचं दृश्य मात्र कुठल्याही वस्तूसाठी वापरू नये, क्लायंट कितीही मोठा असो. शिवाय खोटा किंवा फुगवलेला दावा अंगाशी येतो: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

माध्यमाप्रमाणे माप बदलतं. रेडिओच्या तीस सेकंदांत मराठीचे पंचावन्न ते साठ शब्द आरामात बसतात. भावनेला श्वास हवा असेल तर पंचेचाळीसच लिहा. होर्डिंगवर सहा-सात शब्द आणि एकच चेहरा. रिक्षावरच्या भोंग्यात हळवी गोष्ट घालू नका. रिक्षा गल्लीतून पुढे जाते, ऐकणाऱ्याला मधलाच तुकडा मिळतो. तिथे नाव, वस्तू, तारीख. गाजलेल्या सिनेगीताची चाल परवानगीशिवाय उचलू नका. त्यापेक्षा चार-पाच सुरांची स्वतःची धून करून घ्या आणि ती वर्षानुवर्षं बदलू नका.

शूटिंगवर खर्च करण्याआधी मोबाइलवर कच्ची जाहिरात करा. दहा जणांना दाखवा, त्यांतले निम्मे चाळिशीच्या पुढचे आणि दोघं तरी खेड्यातले असू द्या. तेव्हा काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा: काय पाहिलं? कुणाचं होतं? आठ जणांनी गोष्ट सांगितली आणि तिघांनीच नाव, तर वस्तू तीव्र क्षणात नाही. संहिता पुन्हा लिहा. नाव आठवलं पण चौक चुकला, तर शेवटची पाच सेकंदं गर्दीची झाली आहेत. तिथे फोन नंबर टाकला असेल तर तो काढून टाका. आणि कुणी म्हणालं, ‘तो बाप दोराकडे का बघत होता?’ तर गाठ आणखी जवळून घ्या.