टर्बो गाडीला बाहेरचा ईसीयू? आधी अर्थिंग बघा

बाहेरचा ईसीयू (कंपनीच्या ऐवजी लावलेला, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवताना सगळ्यांचं लक्ष मॅपिंगकडे, म्हणजे इंधन-ठिणगीचे आकडे जुळवण्याकडे असतं, घोळ मात्र अर्थिंगमध्ये होतो. ईसीयूची पॉवर अर्थ (इंजेक्टर तिच्यातूनच चालतात) आणि ठिणगीच्या कॉइलची अर्थ थेट इंजिनच्या ब्लॉकवर किंवा हेडवर, रंग खरवडून घट्ट आवळा. सेन्सरची अर्थ मात्र बॉडीला नाही. ती ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंड पिनवरच. नाहीतर रेडिएटरचा पंखा लागला की तापमानाचा आकडा उड्या मारतो आणि आपण उगाच सेन्सर बदलत बसतो. (मी दोन बदलले!) क्रँक सेन्सरला (इंजिनचा फेरा मोजणारा) शील्डवाली, म्हणजे वर धातूची जाळी असलेली वायर घ्या, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा.

मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासायचा तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीलगत, तेव्हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. १ बारचा (म्हणजे १०० किलोपास्कलपर्यंतचा) सेन्सर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, मोजूच शकत नाही, २.५ किंवा ३ बारचा लावा.

वायरींचे जोड क्रिंप करून (दाबून आवळून) वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. ईसीयू ग्लोव्ह बॉक्समागे ठेवा, पायाखालच्या मॅटखाली नको. जुलैत घोडबंदर रोडवर पाणी तुंबलं की आधी तिथेच ओल येते.